वाचनाची रोजकीर्द



ग्रामपंचायतीच्या कार्यालयात रुपया आला वा गेला की तो त्याच दिवशी वहीत चढतो. शाळेत मुलांची हजेरी रोज मांडली जाते. ग्रंथालयात नवे पुस्तक आले की दाखल-नोंदवहीत त्याला क्रमांक मिळतो आणि वाचकाने ते घरी नेले की देवघेवीच्या वहीत तारीख पडते. इतक्या नोंदी ठेवणाऱ्या मंडळींकडून एक नोंद मात्र बहुधा राहूनच जाते. घरी नेलेले ते पुस्तक वाचून झाले काय? झाले असल्यास केव्हा, आणि त्यातून हाती काय उरले? यंदा कोणती पुस्तके वाचली असे वर्षअखेरीस एखाद्या शिक्षकास विचारले, तर तीन-चार नावे तो चटकन सांगतो, पुढे अडखळतो. उरलेली आठवतात ती यंदाची की गतवर्षीची, याचा त्याचा त्यालाच भरवसा नसतो.

ही नोंद नेटाने ठेवल्याचे एक उदाहरण पुण्याजवळच्या येरवड्याचे आहे. 18 मार्च 1922 रोजी अहमदाबादेस महात्मा गांधींना सहा वर्षांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली आणि काही दिवसांतच त्यांना येरवडा कारागृहात आणण्यात आले. वयाची पन्नाशी उलटलेली, प्रकृती फारशी चांगली नाही. तरीही त्यांनी सहा वर्षांचा अभ्यासक्रमच मनाशी आखला. दिवसाचे सुमारे सहा तास वाचन व अभ्यास आणि सुमारे चार तास पिंजणे व कातणे, असा क्रम बसला. या काळातील त्यांची दैनंदिनी आज उपलब्ध आहे. तीत फार काही लिहिलेले नाही. पुष्कळ नोंदी अमुक पुस्तक संपविले, अमुक हाती घेतले, एवढ्याच आहेत. अभिप्राय नाही, अवतरण नाही.

परंतु या त्रोटक ओळी एकाखाली एक वाचीत गेले म्हणजे त्या माणसाच्या मनाचा विस्तार दिसू लागतो. महाभारत आहे, गिबनचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास आहे, गटेचे ‘फाउस्ट’ आहे, वेल्सचा जगाचा इतिहास आहे. शिवाय उर्दू व तमिळचा अभ्यास. आणि ज्यूल व्हर्नची साहसकथाही आहे! मोठ्या ग्रंथांच्या पंक्तीला ती बसविताना गांधीजींना संकोच वाटलेला दिसत नाही. आपल्याकडे कादंबरी वाचली असे सांगताना पुष्कळ सुशिक्षितांचा आवाज अजूनही खाली येतो, म्हणून हे मुद्दाम सांगावयाचे.

जानेवारी 1924 मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात गांधीजींवर शस्त्रक्रिया झाली आणि 5 फेब्रुवारी रोजी त्यांची सुटका झाली. सहा वर्षांची योजना दोन वर्षांच्या आतच थांबली. त्यानंतर ‘यंग इंडिया’त तुरुंगातील अनुभव लिहिताना त्यांनी आपल्या वाचनाचा सविस्तर परामर्श घेतला. केवळ स्मरणावर विसंबून इतका तपशील देणे कोणासही कठीण गेले असते.

ही झाली रोजकीर्द. पण जाणता व्यापारी रोजकीर्दीवर थांबत नाही; तो खतावणी घालतो, म्हणजे कोणत्या खात्यावर काय जमा आहे हे त्याला पान उघडताच कळते. वाचनाची अशी खतावणी इंग्लंडातील निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यांनी घातली होती. 1838 पासून 1860 पर्यंत त्यांनी वाचलेल्या व वाचावयाच्या ग्रंथांच्या याद्या वह्यांत ठेवल्या. एखादे पुस्तक नुसते चाळले असेल तर चाळले असेच लिहिले. पुस्तक स्वतःचे असेल तर त्याच्या अखेरच्या पानांवर ते आपल्या कामाच्या मुद्द्यांची सूची करीत. दुसऱ्याचे असेल तर वेगळा गोषवारा काढीत. तीस-चाळीस मोठे बस्ते विषयवार नावे घालून कपाटात ठेवलेले असत. नवा विषय हाती घेण्यापूर्वी या सूच्या चाळल्या की वर्षानुवर्षांची जमा समोर येई. उतारवयात आत्मवृत्त लिहिताना ती लांबलचक यादी पाहून आपल्याच उद्योगाचे त्यांना आश्चर्य वाटले होते.

त्याच आत्मवृत्तात माल्थसचा लोकसंख्येवरील प्रसिद्ध ग्रंथ आपण ऑक्टोबर 1838 मध्ये वाचल्याचे ते म्हणतात. त्यांच्या टिपणवहीत मात्र माल्थसविषयीचे टिपण 28 सप्टेंबरचे आहे. अंतर थोड्याच दिवसांचे. परंतु ज्या वाचनाने त्यांच्या विचारास निर्णायक वळण मिळाले, त्याची तारीखही स्मरणाने नीट राखली नाही, ती वहीने राखली.

आता आपल्या गावाकडे येऊ. 2015 पासून राज्यात 15 ऑक्टोबर हा दिवस वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. या निमित्ताने कोणी किती पुस्तके वाचली, याचे आकडे गोळा करण्याचा मोह होतो. शासकीय मंडळींना तक्ता प्रिय असतो, हे मान्यच केले पाहिजे. पण एक जाडजूड ग्रंथ चार महिने झुंजून वाचणारा शिक्षक आणि चाळीस पानांच्या बारा पुस्तिका उरकणारा शिक्षक यांच्या आकड्यांची तुलना करून काय साधणार? शिवाय बारा रकाने आखून जानेवारीत सुरू केलेली वही फेब्रुवारीत बंद पडते. तारीख, पुस्तक व लेखक, पूर्ण की अपूर्ण, आणि दोन ओळींचे टिपण पृष्ठांकासह, एवढे पुरे. पृष्ठांक मात्र वगळू नये. पाणलोटाच्या कामावरील पुस्तक पंचायत सदस्याने वाचले असेल, तर ग्रामसभेत त्याला पुस्तकाची स्तुती करावयाची नसते. शेततळ्याचा हिशेब कोणत्या पानावर आहे ते हवे असते.

अपूर्ण पुस्तकाची नोंद करण्यास लोक लाजतात. वस्तुतः तीच अधिक उपयोगी. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमान्वये मान्यता मिळालेल्या गावोगावच्या ग्रंथालयांना शासनाचे अनुदान मिळते व त्यातून दरवर्षी ग्रंथखरेदी होते. देवघेवीची वही पाहून समितीला कोणते पुस्तक बाहेर गेले ते कळते. विसाव्या पानावरून परत आले ते कळत नाही. पाच-दहा वाचकांनी आपल्या वह्या खरेदीच्या बैठकीपूर्वी ग्रंथपालापुढे ठेवल्या, तर एखादे पुस्तक अवघड भाषेमुळे सुटले, की बारीक टाइपामुळे, की विषयच गावाच्या उपयोगाचा नव्हता, हे समोर येईल आणि पुढील यादी निराळी होईल.

यासाठी शंभर पानी साधी वही चालते. ती ग्रंथालयाच्या पिशवीतच ठेवावी, म्हणजे पुस्तक परत करण्यापूर्वी नोंद करण्याची आठवण राहते. सुगीचे किंवा परीक्षांचे दोन महिने कोरे गेले तर ते कोरेच राहू द्यावेत. मागाहून अंदाजाने तारखा भरू नयेत.