चित्रकार रेम्ब्रांट : कसब आणि कर्ज

(एका खेड्यातील शाळामास्तरांनी गावच्या वाचनालयात केलेले भाषण)



आज आम्ही तुम्हांस एका दळणाऱ्याच्या मुलाची हकीकत सांगणार आहोत. हॉलंड देशात लायडन गावी सन १६०६ साली रेम्ब्रांट जन्मला. बापाची वाऱ्यावर चालणारी चक्की होती. आई पाववाल्याची लेक. त्याला लॅटिन शाळेत घातले, पण पोराची ओढ चित्राकडे. अखेर आईबापांनी त्यास चित्रकाराच्या हाताखाली ठेवले.

पुढे तो ॲम्स्टरडॅम शहरी गेला. १६३२ साली त्याने डॉक्टर टुल्प यांचे चित्र काढले व त्याचे नाव झाले. श्रीमंत व्यापारी आपली तसबीर काढवून घेऊ लागले. अंधाऱ्या घरात दिवा लावला म्हणजे तोंड जसे एका अंगाने उजळते, तसे तो काढी. सुरकुती झाकीत नसे. भिकाऱ्याचे तोंडही त्याने तितक्याच आस्थेने काढले. स्वतःचे तोंड तर सुमारे ८० वेळा काढले, आणि म्हातारपण लपविले नाही.

आता त्याची चूक ऐका. १६३९ साली त्याने १३,००० गिल्डरांचे घर हप्त्यांनी घेतले. वर चित्रे, पुतळे, हत्यारे जमविण्याचा शौक. हप्ते थकले. १६४२ साली बायको वारली. चारांपैकी तीन मुले तान्हेपणीच गेली होती. १६५६ साली दिवाळे निघाले. खोल्याखोल्यांतून फिरून ३६३ कलमांची यादी झाली, सामानाचा लिलाव झाला, घरही गेले.

पण त्या यादीत त्याचा हात नव्हता! १६६० साली मुलगा टायटस व सोबतीण हेंड्रिक्ये यांनी धंदा आपल्या नावावर केला आणि तो त्यांचा नोकर झाला. म्हणजे नव्या चित्रांवर सावकारांचा हात पडेना. १६६२ साली कापडाचा कस तपासणाऱ्या पंचांचे चित्र त्याने काढले. आज ते ॲम्स्टरडॅमच्या मोठ्या संग्रहालयात आहे. पुढे हेंड्रिक्ये गेली, टायटसही गेला. १६६९ साली तोही वारला. त्याच्या थडग्यावर नावसुद्धा नव्हते.

पाटीवर हिशेबाऐवजी बैल काढला म्हणून आम्हीही एका सुताराच्या पोराचा कान पिळला होता. ती आमची चूक. तुम्ही ती करू नका. पोराच्या हातात कसब दिसले तर त्याला शिकवा. आणि घर बांधताना, लग्न काढताना, हप्ता कोठून फेडणार हे आधी कागदावर मांडा. कसब जप्त होत नाही, पण कर्ज कसबी माणसाचेही घर खाते.