दुखण्यांतून उठलेले आपले वडीलधारे



महोत्सवाच्या मंगल प्रसंगीं दुखण्याखुपण्याचें बोलणें कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. पताका लागल्या आहेत, स्वयंपाकाचा वास येत आहे, आणि वक्ता उभा राहतो तो रोगाची गोष्ट सांगावयास! परंतु मिस्सा संपल्यावर मागच्या बाकावरून जीं वडीलधारीं माणसें सर्वांच्या मागून, बाकाचा आधार घेत उठतात, त्यांच्यांत कर्करोगांतून उठलेलींही असतात. सारा धर्मग्राम एकत्र जमला असतां त्यांच्याविषयीं बोलावयाचें नाहीं, तर मग केव्हां बोलावयाचें?

एक काळ असा होता कीं या रोगाचें नांव निघालें म्हणजे घरचीं माणसें आवाज खालीं आणीत. २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं मुंबईस परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें, तेव्हां आपला अंबड तालुका निजामाच्या राज्यांत होता, आणि येथील शेतकऱ्यास परळ हें परदेशासारखेंच होतें. आज तशी स्थिति नाहीं. २०१२ पासून औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरास, शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. रोग लवकर सांपडला तर पुष्कळ माणसें बरीं होतात व पुढें दहा-वीस वर्षें जगतात. श्री. शरद पवार यांच्यावर २००४ सालीं तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर वीस वर्षें ते सार्वजनिक कामांत वावरले, हें उदाहरण पारावर नेहमीं निघतें. उदाहरण खरें आहे. मात्र दोन-चार एकर कोरडवाहू कपाशीवर पोट भरणाऱ्या म्हाताऱ्यास तें जसेंच्या तसें लागू पडत नाहीं, आणि आमचें बोलणें त्या म्हाताऱ्याविषयीं आहे.

गांठ काढली, किरणोपचार झाले, डॉक्टरांनीं “आतां रोग दिसत नाहीं” म्हणून सांगितलें, कीं सारें संपलें अशी घरच्यांची समजूत होते. शरीराचा हिशेब निराळा असतो. आपल्या मुलखांत आजाऱ्यास भेटावयास जाणारा मोसंब्यांची पिशवी घेऊन जातो. प्रेम खरें, परंतु किरणोपचार झालेल्या तोंडास तो आंबटगोड रस आगीसारखा झोंबतो. लाळेच्या ग्रंथि दुबळ्या झाल्यामुळें तोंड वर्षानुवर्षें कोरडें राहतें, दांत किडतात, कित्येकांचा जबडा दोन बोटांपलीकडे उघडत नाहीं. ज्वारीची भाकरी समोर असून घशाखालीं उतरत नाहीं. ती दुधांत किंवा वरणांत कुसकरून द्यावी लागते, आणि सुनेस हें कोणी सांगितलेलें नसतें. स्तनाच्या कर्करोगांतून उठलेल्या कित्येक बायांचा हात सुजतो. पांच-दहा वर्षें गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्यांपैकीं कांहीं गोळ्यांनीं हाडें ठिसूळ होतात. कांहीं औषधांनीं तळपायांची जाणीव जाते व चप्पल पायांतून निसटली तरी कळत नाहीं. अशा पायांनीं रात्रीं अंधारांत उठणारी आजी पडली, तर दोष अंधारास देतात.

तरुणास हें सोसतें. वृद्धास तेंच वयाच्या ओझ्यावर आणखी ओझें होतें, आणि यास वैद्यकांत क्षीणता म्हणून निराळी अवस्था मानितात. अमेरिकेंतील लिंडा फ्रीड या डॉक्टर बाईंनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००१ सालीं तिचीं पांच लक्षणें सांगितलीं: प्रयत्न न करतां वजन घटणें, सतत थकवा, मुठीची पकड ढिली होणें, चाल मंदावणें, आणि हिंडणें-फिरणें कमी होणें. यांपैकीं तीन दिसलीं तर माणूस क्षीण झाला असें समजावें. टाटा रुग्णालयांत २०१८ पासून वृद्ध कर्करोग्यांचा निराळा बाह्यरुग्ण विभाग आहे. तेथें गांठीइतकीच चालण्याची, खाण्याची, स्मरणशक्तीची व घरीं सोबतीस कोण आहे याची चौकशी होते. एक साधी परीक्षा तर आपल्या अंगणांतही करतां येईल. म्हाताऱ्यास खुर्चीवरून उठून दहा फूट चालत जाण्यास, वळून परत येऊन बसण्यास सांगावें. बारा सेकंदांहून अधिक लागले तर पडण्याचा धोका आहे असें समजून डॉक्टरांस कळवावें.

आतां पैशाची गोष्ट. येथें सरकारास दोष देऊन मोकळें होणें सोपें आहे. आम्ही तें करीत नाहीं. महात्मा जोतिराव फुले योजनेंतून व आयुष्मान भारत योजनेंतून गरिबांच्या शस्त्रक्रिया व किरणोपचार होतात. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकास, उत्पन्न न पाहतां, आयुष्मान कार्ड मिळूं लागलें. एका कुटुंबास वर्षाला पांच लाखांपर्यंतचा आधार ही लहान गोष्ट नव्हे. पण हा आधार मुख्यतः रुग्णालयाच्या खाटेवरचा आहे. आयुष्मान योजनेंत घरीं सोडल्यानंतरच्या पंधरा दिवसांचा खर्च धरितात. क्षीणता तर पंधरा वर्षें घरींच राहते. तपासणीचा फेरा, रक्त, सोनोग्राफी, कवळी, रोजच्या गोळ्या, सोबत जाणाऱ्या मुलाची बुडालेली मजुरी, शहरांतील चहा-भाकरी, यांतला बहुतेक पैसा घरच्या गांठींतून जातो. एकदम लाख रुपये लागले असते तर सारें गांव धांवलें असतें. हे चारशें-पांचशें, पुन्हां हजार, असे जातात, म्हणून कोणाच्या नजरेस येत नाहींत.

आणि म्हातारा माणूस काय करितो? “आतां मला बरें वाटतें, कशाला जायचें?” असें म्हणतो. या वाक्यावर विश्वास ठेवूं नका. बऱ्याच वेळां त्याचा अर्थ, नातवाच्या शाळेची फी भरावयाची आहे, एवढाच असतो. रोजची गोळी एक दिवसाआड होते, सहा महिन्यांचा फेरा दीड वर्षावर जातो, आणि उलटलेला रोग उशिरां सांपडतो. जी आजी रविवारीं दानपात्रांत न चुकतां दहा रुपये टाकते, तिनें या महिन्याच्या गोळ्या आणल्या कीं नाहीं, हें विचारणारें कोण आहे?

कांहीं सवलती आहेत, पण त्या मागितल्याशिवाय मिळत नाहींत. ज्येष्ठांची रेल्वेची सूट मार्च २०२० पासून बंद झाली. कर्करोग्याची बंद झाली नाहीं. उपचारासाठीं किंवा नंतरच्या तपासणीसाठीं जातांना रोग्यास शयनयान वर्गांत पूर्ण सूट आणि सोबत्यास पाऊण सूट आहे. अंबडला रेल्वे नाहीं. जालना स्टेशनावर तिकीट काढावें लागतें आणि त्यासाठीं रुग्णालयाचा सही-शिक्क्याचा दाखला लागतो. एस. टी. त पंचाहत्तरीवरील वृद्धांस २०२२ पासून भाडें नाहीं, पासष्टीनंतर अर्धें. नित्याच्या गोळ्या जन-औषधि केंद्रांत पुष्कळ स्वस्त मिळतात. मात्र बदल डॉक्टरांस विचारून करावा. संजय गांधी निराधार योजनेंत कर्करोग्यांचाही समावेश आहे. २०२३ सालीं तें अनुदान महिना १,५०० रुपये झालें. अर्ज तहसील कचेरींत होतो. त्यास कुटुंबाच्या उत्पन्नाची वर्षाला २१,००० रुपयांची मर्यादा चालत आली आहे, म्हणजे साऱ्या घराचे दिवसाला साठ रुपयेही नव्हेत. हा आंकडा ज्यानें ठरविला त्यानें बाजारांत जाऊन तूरडाळ विकत घेतली नसावी.

बार्शीस १९८७ पासून खेड्यांतील कर्करोगाची नोंद ठेवण्याचें काम चालतें, खेड्यांसाठीं तें देशांतील पहिलेंच. तेथील कार्यकर्ते रोगी दवाखान्यांत येईल म्हणून वाट पाहत बसले नाहींत. गांवोगांव फिरून घरीं जाऊन विचारीत गेले. आपल्या धर्मग्रामास इतकें मोठें काम नको. प्रत्येक वाडींत दोन तरुण व एक शहाणी बाई पुरे. त्यांनीं तीन महिन्यांतून एकदां अशा घरीं जावें. शेवटचा फेरा केव्हां झाला, गोळ्या किती उरल्या, वजन किती, हें वहींत लिहावें. रात्रीं शौचास जाण्याच्या वाटेवर दिवा आहे कीं नाहीं तें पाहावें. फेऱ्याच्या दिवशीं मुलास मजुरीवर जाऊं द्यावें आणि म्हाताऱ्यासोबत आपल्यापैकीं कोणी जावें. पैसे द्यावयाचे तर हातांत न देतां तिकीट व औषध आणून द्यावें. हात पसरावा लागला नाहीं म्हणजे म्हातारी माणसें नाहीं म्हणत नाहींत. महोत्सवाचा जमाखर्च पुरा झाल्यावर जी शिल्लक राहील, ती या प्रवासासाठीं निराळी ठेवावी, अशी आमची समितीस विनंति आहे.

ज्यांस हें काम करावयाचें आहे त्यांनीं जेवणाच्या पंगतीपूर्वीं आपलीं नांवें द्यावीं. ज्यांच्या घरीं असा रोगी आहे त्यांनीं पुढल्या रविवारीं येतांना रुग्णालयाची फाईल, रेशनकार्ड व आधारकार्ड बरोबर आणावें. अर्ज भरावयास आम्ही येथेंच बसूं.