हिशेबापूर्वीचे वाचन



जी मुले पाढे बिनचूक म्हणतात व उभी मांडलेली वजाबाकी चुटकीसरशी करतात, तीच मुले त्याच आकड्यांभोवती चार ओळींची हकीकत गुंफली की भांबावून "बेरीज करायची की वजाबाकी?" असे विचारू लागतात, हा अनुभव पुष्कळ घरी नित्याचा आहे; आणि त्यावर "आणखी दहा उदाहरणे सोडव" हे जे फर्मान आपण काढतो, ते बहुधा निष्फळ ठरते, कारण अडचण हिशेबात नसून हिशेबापूर्वीच्या वाचनात असते.

1980 च्या सुमारास फ्रान्समधील ग्रनोब्ल येथील अभ्यासकांनी लहान मुलांना विचारले, की जहाजावर 26 मेंढ्या व 10 शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? 97 मुलांपैकी 76 जणांनी त्या आकड्यांची काहीतरी जुळणी करून उत्तर दिले! त्यांना हसू नये. प्रत्येक प्रश्नाला उत्तर असते व ते दिलेल्या आकड्यांतूनच निघते, हा शाळेचा अलिखित कायदा ती बिचारी इमानेइतबारे पाळत होती.

त्या कायद्याला आपणही पोटकलमे जोडली आहेत : 'अधिक' आले की बेरीज, 'उरले' आले की वजाबाकी. आता रमेजवळ 8 बोरे आहेत आणि ती गोपाळाच्या बोरांपेक्षा 3 ने अधिक आहेत, तर गोपाळाजवळ किती, असे विचारा. 'अधिक' दिसताच मूल 11 म्हणेल. गोपाळाने 3 बोरे खाल्ली व 5 उरली, तर आरंभी किती होती, असे विचारा. 'उरली' दिसताच ते 2 म्हणेल. पहिल्या उदाहरणातील आठातून तीन वजा करणे त्याला येत नाही काय? उत्तम येते, परंतु बोरे कोणाकडे जास्त, हे त्याने पाहिलेलेच नसते.

म्हणून आरंभी आकडे काढून टाकावेत. रमेजवळ गोपाळापेक्षा जास्त बोरे आहेत, एवढेच सांगून मुलाला चिंचोक्यांच्या दोन रांगा मांडू द्याव्यात, कोणती रांग लांब ते त्याच्याच तोंडून वदवावे, आणि मग आकडे पुरवावेत. पुढे कधी हकीकत सांगून प्रश्न मात्र दडवावा व तो मुलालाच घडवू द्यावा. कधी 8 − 3 एवढेच देऊन त्यावर गोष्ट रचावयास सांगावे.

गोष्ट कशी असावी, ते पाहा : भास्कराचार्यांच्या 1150 मधील 'लीलावती' या गणितग्रंथात भ्रमरांचा एक पंचमांश कदंबावर जातो, एक तृतीयांश शिलीन्ध्रावर, त्या दोहोंच्या अंतराची तिप्पट कुटजावर, आणि उरलेला एक केतकी-मालतीच्या परिमळाने खुळावून अधांतरी भ्रमतो. भ्रमर एकंदर 15. पण तो एकटा भ्रमर डोळ्यांपुढे आल्यावाचून अपूर्णांकांना हात घालावा असे कोणाला वाटेल? आमच्या पाठ्यपुस्तकांतील निर्विकार दुकानदारांना हे भाग्य क्वचितच लाभते.

तेव्हा पालकांना व शिक्षकांना माझी विनंती एवढीच, की मुलाचे उत्तर तपासण्यापूर्वी त्याला उदाहरणातील हकीकत स्वतःच्या शब्दांत सांगू द्यावी, आणि ती नीट सांगता येईपर्यंत पाटी-पेन्सिलीचा तगादा लावू नये.