थंडीवर घेतलेला आळ



सोलापुरात थंडीतली गड्ड्याची यात्रा तोंडावर आली की उसाच्या फडात रोज पहाटे एकच तक्रार ऐकू येते: ट्रॅक्टर थंडीनं अडलाय. आज मी थंडीची वकिली करायला उभा आहे. सोलापूरच्या थंडीत डिझेल गोठत नाही. ते लडाखात गोठतं. तिथल्यासाठी इंडियन ऑइलनं 2019 साली उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल काढलं. आपण तर पारा बारावर आला की कानटोप्या चढवतो!

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सोळा ते वीस पट दाबली की पाचशे अंशांच्या आसपास तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. रिंगा झिजल्या की हा दाब निसटतो. बॅटरी बसत आली, ऑइल जाड झालं, की सेल्फ रेंगाळतो. मग हवेची ऊब ब्लॉकचं गार लोखंडच पिऊन टाकतं. हेच दोष मे महिन्यातही असतात, फक्त तेव्हा ते खपून जातात.

काही इंजिनं मात्र मुळातच थंडीला हळवी. महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टरशी 1963 साली भागीदारी केली, त्यातून आलेला बी-275 घ्या. त्यात डिझेल आधी शेजारच्या छोट्या कोठडीत फवारलं जाई. कोठडीच्या भिंती उष्णता खातात, म्हणून तिथं हीटर. तो धरून चार श्वास थांबायचं, मग सेल्फ. पुढं बॉनेटवर ‘डीआय’ अक्षरं आली, म्हणजे फवारा थेट सिलिंडरात. ही इंजिनं खडखडतात जास्त, पण गारठ्यात लवकर उठतात. जर्मनीच्या जुन्या लान्झ बुलडॉगचं तर डोकं ब्लोलॅम्पनं तापवावं लागे, आणि मग स्टिअरिंगच उपसून त्यानं फ्लायव्हील फिरवायचं!

सेल्फ मारताना सायलेन्सरकडे बघा. पांढरा धूर निघतोय म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही. हीटर, बॅटरी, दाब तपासा. धूरच नसेल तर बहुधा फिल्टर तुंबलाय किंवा पाइपानं हवा धरलीय. मिस्त्रीला फोन करण्याआधी एवढं आपलं आपल्याला कळतं.

एअर क्लीनरशी पेटता बोळा धरायची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. गरम हवा आत जाते, इंजिन सुरूही होतं, म्हणूनच ती टिकली. पण भोवती वाळलेलं पाचट असतं, हे धरणारा विसरतो. ईथरचा फवारा त्याहून वाईट. हीटर तापलेला असेल तर तो अवेळी भडकतो आणि रिंगा, पिस्टन फोडतो.

घरंगळत सुरू करता यावा म्हणून ट्रॅक्टर उतारावर लावून ठेवणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. मात्र सेल्फ झपाट्यानं फिरत असूनही मे महिन्यात उतारच लागत असेल, तर नव्या बॅटरीवर पैसे घालू नका. आधी कॉम्प्रेशन मोजून घ्या.