दर सर्दीला सुई नको

मंडळी, मुरुमच्या बाजाराला आलो की आपण दवाखान्यातही डोकावतो. एका खेपेत दोन कामं होतात. पोराला सर्दी झालेली असते. आत शिरताच आपण म्हणतो, "डॉक्टरसाहेब, चांगलं भारी औषध द्या. एक सुई बी टोचा." डॉक्टर म्हणाले, "गरज नाही," तर आपल्याला वाटतं, ह्यांना काही येत नाही. आपण दुसरा दवाखाना गाठतो. हे डॉक्टरांना ठाऊक असतं. म्हणून कुणी कुणी नको असतानाही भारी औषध लिहून देतात. चूक त्यांचीच, कारण शिकलेले ते. पण हट्ट आपला असतो.

हे भारी औषध म्हणजे अँटिबायोटिक. पेनिसिलिन त्यातलंच. १९२८ साली फ्लेमिंग या शास्त्रज्ञाला ते बुरशीत सापडलं. १९५५ पासून आपल्या पुण्याजवळ, पिंपरीच्या सरकारी कारखान्यात ते तयार होऊ लागलं. त्यानं वाचवलेल्या जिवांची गणती नाही. पण ते मारतं जिवाणूंना. सर्दी होते विषाणूंनी. त्यांच्यावर ते चालत नाही. सर्दी आपल्या पायांनी आठवड्यात जाते आणि आपण म्हणतो, सुईनं गेली!

हरभऱ्यावरची घाटेअळी आठवा. एकच औषध वरचेवर फवारलं, की मरायच्या त्या अळ्या मरतात. चिवट तेवढ्या उरतात. त्यांचीच पिलावळ वाढते. पुढं ती औषधाला दाद देत नाही. जिवाणूंचं तसंच आहे. फ्लेमिंगनं १९४५ सालीच हा इशारा दिला होता. आणि चिवट झालेले जिवाणू एका घरात राहत नाहीत. ते शेजारीही जातात.

आम्हीही शहाणे नव्हतो. उरलेल्या गोळ्या आम्ही डब्यात जपून ठेवायचो आणि कुणाला ताप आला की वाटायचो. आता तसं करीत नाही.

तुम्हांला आता वाचता येतं. गोळ्यांची पट्टी हातात घेऊन बघा. अशा पुष्कळ औषधांवर लाल उभी रेघ असते. २०१६ साली सरकारनं ही रेघ ओळखायची मोहीम काढली. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते औषध घ्यायचं नाही. चिठ्ठी मिळाली तरी विचारा, "साहेब, ह्याच्याशिवाय भागेल का?" गरजच आहे म्हणाले, तर सांगितले तितके दिवस घ्या. बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका.

पण पोर भरभर श्वास घेतंय, बरगड्यांखाली छाती आत ओढली जातेय, दूध पीत नाही, असं दिसलं तर तो न्यूमोनिया असू शकतो. तिथं हेच औषध जीव वाचवतं. तेव्हा बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नका. रात्र असली तरी निघा.