गोविंदाचा विमा आणि मंडळाची यादी



मोताळा तालुक्यातील रोहिणखेडसारख्या गावात दहीहंडीचे थर मुंबई-ठाण्याइतके उंच रचले जात नाहीत. पण तिसऱ्या थरावरून कोसळलेल्या तरुणाचे हाड गावाचे नाव विचारून मोडत नाही.

राज्य शासनाने २०२२ मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देऊन गोविंदांसाठी विमासंरक्षण जाहीर केले. २०२३ मध्ये ५० हजार, २०२४ मध्ये ७५ हजार आणि २०२५ मध्ये दीड लाख गोविंदांसाठी ते देण्यात आले. मृत्यू ओढवल्यास १० लाख रुपये, एक हात, पाय वा डोळा गमावल्यास ५ लाख. रुग्णालयाच्या खर्चाला मात्र मर्यादा १ लाखाचीच. मणक्याची शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे अंथरुणावरचे महिने जमेस धरले, तर ही रक्कम तोकडी आहे. पुढचा आधार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा. २०२३ च्या निर्णयाने तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला दीड लाखावरून ५ लाखांवर गेली. परंतु उपचार अंगीकृत रुग्णालयातच घ्यावे लागतात.

विमा मंडळाच्या फलकाला नसतो, यादीतील नावाला असतो. ऐनवेळी खांदा द्यायला धावलेला चुलतभाऊ त्या यादीत नसतो. चौदा वर्षांखालील मुलांना थरांत घेण्यास २०१७ पासून मनाई आहे. तरी वरच्या थरावर हलके पोर चढवण्याचा मोह सुटत नाही. त्या पोराचा विमा कोण उतरवणार?

तेव्हा श्रावण लागण्यापूर्वीच मंडळप्रमुखांनी नावे, वये आणि ओळखपत्रे गोळा करावीत. जवळचे अंगीकृत रुग्णालय कोणते, हे सरावाआधी विचारून ठेवावे. आणि रात्री गाडी कोणाची मिळेल, तेही.