आरंभाचे ओझे

(अहिल्यानगर जिल्ह्यातील नवोदित कथालेखकांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



आपल्यापैकी अनेकांच्या मनात एखादी कथा वर्षानुवर्षे मुक्कामाला असते. कागदावर मात्र ती उतरत नाही. हा अनुभव माझाही आहे. तीस वर्षे मी वृत्तपत्रात लिहितो आहे. बातमीचे पहिले वाक्य मला कधी अडले नाही. पण १९७२ च्या दुष्काळात माझ्या आईने खडी फोडली, त्यावर कादंबरी लिहावयास बसलो आणि पहिल्याच वाक्याशी थबकलो. आई निवर्तली, तेव्हा माझ्या वहीत सतरा आरंभ होते; तिला वाचून दाखवावे असे एकही प्रकरण नव्हते.

चूक कोठे झाली? बातमीत काय, कोठे, केव्हा हे सारे आरंभीच सांगावे लागते. ती सवय मी कथेत नेली. पाऊस का पडला नाही, गाव कसे होते, हे सांगितल्यावाचून आईच्या हाती हातोडा द्यावयास मी तयारच नव्हतो.

आपल्याच जिल्ह्यातील निमगाव जाळीचे त्रिंबकजी डेंगळे आठवा. गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा १८१५ मध्ये पंढरपुरी खून झाला. त्या प्रकरणी इंग्रजांनी त्रिंबकजींना ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले. १८१६ मध्ये ते तेथून निसटले. त्यांच्यावर ना. सं. इनामदारांनी ‘झेप’ लिहिली. १९६३ साली ही पहिली कादंबरी आली तेव्हा इनामदार चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. १९९७ मध्ये अहमदनगरच्या साहित्य संमेलनाचे तेच अध्यक्ष होते. तेव्हा ‘आता उशीर झाला’ ही सबब कोणी सांगू नये.

हीच कथा तुम्हांला लिहावयाची झाली, तर त्रिंबकजींच्या जन्मापासून कशाला आरंभ करता? कोठडी आहे, पहारा आहे, बाहेर पावसाळी रात्र आहे, तेथून लिहा. कथा जन्मापासून नव्हे, पेचापासून सुरू होते. वंशावळ मागाहून सांगता येते.

दुसरा मार्ग नेवाशाने दाखविला आहे. शके १२१२ मध्ये ज्ञानदेवांनी सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले. त्या ग्रंथाशी आपली तुलना नाही. पण वाणी आधी आणि लेखणी मागाहून, हा क्रम आपल्यालाही उपयोगी आहे. लेखणी अडली की घरातल्या कोणाला तरी गोष्ट सांगा. सांगताना आपण प्रस्तावना करीत नाही. थेट ‘त्या दिवशी काय झाले’ येथे पोहोचतो. तेच वाक्य लिहून काढा.

गेल्या वर्षी मी अठरावा आरंभ केला नाही. थेट मधला प्रसंग लिहिला: आईच्या तळहाताला फोड आले आहेत आणि मुकादम खडीचे माप घेण्यास येत आहे. आज चाळीस पाने झाली आहेत. पहिले पान अद्याप कोरेच आहे; ते शेवटी लिहीन.

आपल्या घरची वडीलधारी माणसे ऐकावयास आहेत, तोवर आज रात्री एक प्रसंग लिहा. माझ्यासारखा उशीर करू नका.